मनगटावरची हवा

गुलमर्गच्या त्या लाकडी खोलीत रात्री दिवा मालवला तेव्हा मी २,६५० मीटरवर होते. पहाटे तीनच्या सुमाराला उशाशी ठेवलेल्या दोन घड्याळांपैकी नवं घड्याळ वाजू लागलं. जुन्याच्या काचेवर उजेड पाडून पाहिलं तर आकडा होता २,७०४. बिछाना तोच, खिडकी तीच, बुखारीतली लाकडं विझत आलेली. आणि मी झोपेतच चोपन्न मीटर चढले होते.

रजई अंगाभोवती ओढून उठून बसले. नव्या घड्याळातला दाबाचा आलेख पाहिला. संध्याकाळपासून तो खाली येत होता आणि मध्यरात्रीनंतर तर त्याने कडाच उतरायला घेतला होता. वादळाचा गजर नेमका याच हिशेबावर वाजतो: तीन तासांत दाब चार मिलिबार उतरला की. (मिलिबार हे हवेचा दाब मोजायचं माप. घड्याळं आता हेक्टोपास्कल लिहितात, आकडा तोच.) बाहेर अजून काहीच नव्हतं. वारा नाही, बर्फ नाही. पाइनच्या शेंड्यांवर चंद्र होता आणि त्याला मोठं खळं पडलं होतं. माझी आजी असं खळं पाहिलं की अंगणातली लाकडं आत घ्यायला सांगायची.

मी शाळेत भूगोल शिकवते. वायुदाब हा धडा इतक्या वेळा शिकवलाय की पुस्तक न उघडता बोलू शकेन. पण हवेचं वजन मला स्वतःला कळलं ते फळ्यासमोर नाही, या घड्याळांमुळे.

ज्याला आपण 'उंची दाखवणारं घड्याळ' म्हणतो त्याला उंची कळतच नाही. त्याच्या कडेला एक बारीक भोक असतं, आत सिलिकॉनचा पातळ पापुद्रा असतो आणि हवेच्या दाबाने तो किंचित वाकतो. किती वाकला, एवढंच घड्याळाला समजतं. बाकी सगळं गणित. समुद्रसपाटीला सरासरी १०१३ मिलिबार दाब असतो. तिथून वर निघालं की साधारण सव्वाआठ मीटरला एक मिलिबार कमी होतो. गुलमर्गच्या उंचीवर हवा विरळ झालेली असते, तिथे एक मिलिबार उतरायला जवळपास अकरा मीटर चढावं लागतं. आता अडचण अशी, की दाब दोन कारणांनी उतरतो. एक तर तुम्ही वर जाता किंवा तुम्ही जागच्या जागी असता आणि डोक्यावरची हवा बदलते. मनगटावरच्या त्या पापुद्र्याला यातलं कुठलं कारण खरं ते सांगता येत नाही. माझ्या खोलीतले चोपन्न मीटर म्हणजे पाच मिलिबार हवा होती, जी रात्रीतून डोक्यावरून निघून गेली.

वर्गात मी हा धडा १९ सप्टेंबर १६४८ या तारखेपासून सुरू करते. उंचीवर हवेचा दाब कमी असेल, अशी ब्लेझ पास्कलची खात्री होती. पण तो स्वतः तेव्हा डोंगरापाशी नव्हता. म्हणून त्याने बहिणीच्या नवऱ्याला, फ्लोराँ पेरिएला, पाऱ्याची नळी घेऊन प्युय द डोम हा डोंगर चढायला सांगितलं. वर गेल्यावर पारा तीन इंचांहून थोडा जास्त उतरला. पुस्तकं इथेच थांबतात. मला आवडतो तो तपशील त्याच्या पुढचा आहे. पेरिएने निघण्यापूर्वी अगदी तशीच दुसरी नळी खाली क्लेरमाँच्या एका मठाच्या बागेत उभी केली होती आणि मठातल्या एका पाद्रींना दिवसभर तिच्यापाशी बसवलं होतं. पेरिए संध्याकाळी परत आल्यावर त्या पाद्रींनी सांगितलं, की इथला पारा दिवसभर हललेला नाही. म्हणूनच वरचा फरक डोंगराचा ठरला, हवामानाचा नाही. डोंगर चढणाऱ्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं. पण खाली बसून राहिलेल्या माणसाशिवाय त्या चढण्याला काही अर्थच उरला नसता.

दोन वर्षांपूर्वी आठवीच्या मुलींना घेऊन कळसूबाईला गेले होते. जुनं घड्याळ माझ्या हातात होतं. सकाळी सातला बारी गावात नकाशावरून उंची लावली आणि निघालो. लोखंडी शिड्या, मधली विहीर, वारा, सगळं करून साडेदहाला देवळापाशी पोचलो. एकीने माझा हात धरून आकडा वाचला: १,५८८. शिखराची उंची १,६४६ मीटर, हे तिला पाठ होतं.

"बाई, कळसूबाई बुटकी झाली का?"

मी तिला अर्धं उत्तर देऊ शकले. आपल्याकडच्या हवेला रोज दोनदा भरती-ओहोटी असते. सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमाराला दाब सर्वांत जास्त, पहाटे चारला आणि दुपारी चारला सर्वांत कमी. उष्ण कटिबंधात हा चढउतार तीन-चार मिलिबारपर्यंत जातो. आकाश निरभ्र असलं तरी तो चुकत नाही. गडावर मुक्काम करणाऱ्या, असं घड्याळ बांधणाऱ्या प्रत्येकाने हे पाहिलेलं असतं. दुपारी चारला दाखवलेली उंची रात्री दहाला वीस-पंचवीस मीटरने खाली आलेली असते आणि माणूस मात्र चुलीपाशीच बसलेला असतो. सातला बारीत लावलेलं माझं घड्याळ दहापर्यंत वाढत गेलेल्या दाबाखाली दबलं होतं. पण त्याने फार तर पंधरा मीटर गेले असते. अठ्ठावन्न कसे गेले? "आपण खाली पाद्रीबाबा बसवले नव्हते ना," एवढंच मी म्हणाले. तेव्हापासून वर्गात ते नाव रुळलं.

ते जुनं घड्याळ पिवळ्या रंगाचं आहे, जाडजूड, सूंटो कंपनीचं. सह्याद्रीत आमच्याबरोबर फिरणाऱ्या एका ज्येष्ठ मित्राने डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर भटकणं कमी केलं आणि ते मला दिलं. या कंपनीची सुरुवात मला फार जवळची वाटते. तुओमास व्होलोनेन नावाचा फिनलंडमधला इंजिनिअर नकाशा-होकायंत्राच्या शर्यतीत धावायचा आणि थरथरणाऱ्या सुईला वैतागायचा. सुई द्रवात बुडवली की लवकर स्थिर होते. असं होकायंत्र मोठ्या संख्येने बनवायची रीत त्याने शोधली आणि १९३६ साली कंपनी काढली. फिनिश भाषेत 'सूंता' म्हणजे दिशा. त्याच कंपनीने १९९८ मध्ये उंची, दाब आणि होकायंत्र एकत्र असलेलं व्हेक्टर हे घड्याळ आणलं. माझ्या पिवळ्यात नाण्याएवढी बॅटरी, मागचं झाकण रुपयाच्या नाण्याने फिरवून उघडायचं आणि घरच्या घरी बदलायची. ना उपग्रह, ना चार्जर. भाच्याने गेल्या दिवाळीत मला नवं घड्याळ दिलं, त्यात उपग्रह आहेत, नाडी आहे, नकाशा आहे आणि खेळांच्या लांबलचक यादीत स्कीइंगही आहे. ती यादी वाचता वाचताच गुलमर्गचा विचार मनात आला. एक्कावन्नाव्या वर्षी.

गुलमर्गला दोन्ही घड्याळं नेली. नवं हातात आणि पिवळं खिडकीत. पाद्रीबाबा म्हणून.

पहिली शिकवण मनगटाचीच होती. हातमोजा, त्यावर जाकिटाची बाही, त्याखाली घड्याळ असं बांधलं तर दिवसभर ते दिसतच नाही. बाहीवरून बांधलं तर नाडी मोजली जात नाही. पण थंडीत कातडीखालच्या रक्तवाहिन्या आक्रसलेल्या असतात, त्यामुळे मनगटावरची नाडी तशीही नीट मिळत नाही. मी बाहीवरूनच बांधलं. त्याने आणखी एक गोष्ट साधली. अंगाला लागून असलेलं घड्याळ आपलीच ऊब मोजतं, बाहीवरचं बाहेरचं तापमान बऱ्यापैकी खरं सांगतं. आणि बटणं हवीत, दाबली की कळणारी. जाड हातमोज्याने काचेवर बोट फिरवून काही होत नाही आणि उणे आठ अंशांत हातमोजा काढायचा नसतो. थंडीत बॅटरीही लवकर दमते. म्हणून रात्री घड्याळ उशाशी, फोन रजईत. फोनचा उपयोग तसा फोटोपुरताच होता. माझं कार्ड प्रीपेड आणि बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड कार्ड काश्मीरमध्ये चालत नाही.

पहिले तीन दिवस आम्ही सपाटीलगतच्या लहानशा उतारावर होतो. तिथे लिफ्ट नव्हती. लांब स्की पायात अडकवून उताराला आडवं उभं राहायचं आणि खेकड्यासारखं एकेक पाऊल वर सरकवत चढायचं. मग स्कीची टोकं जवळ, मागच्या बाजू फाकलेल्या, गुडघे वाकलेले, असं घसरत खाली. दहा मिनिटं चढाई, पंधरा सेकंद उतरण. तिसऱ्या संध्याकाळी घड्याळातली नोंद उघडली. वेळ साडेचार तास. धावा: शून्य. एकूण उतार: शून्य.

मला ते लागलं. पोटऱ्या ठणकत होत्या, कमरेत उसण भरली होती आणि घड्याळ म्हणत होतं की काही झालंच नाही. रात्री माहितीपुस्तिका वाचली तेव्हा उलगडा झाला. स्कीइंग निवडलं की घड्याळ दाबावरून ठरवतं: दाब सलग कमी होतोय, म्हणजे माणूस लिफ्टमध्ये बसून वर चाललाय. दाब वाढू लागला, म्हणजे धाव सुरू झाली. ठरावीक उतार झाल्याशिवाय धाव मोजायची नाही, कारण लहानसहान चढउतार कुणाचेही होतात. आमचा उतार त्या मापात बसतच नव्हता. आणि चढणं? चढणं त्याच्या लेखी विश्रांती होती.

यावर मी बराच वेळ विचार करत पडले. मी सह्याद्रीतली. आमच्याकडे किती चढलो हे सांगतात. कळसूबाई चढलो, साल्हेर चढलो. उतरणं म्हणजे गुडघ्यांचं दुखणं आणि शेवटची एसटी. उतरण्याचा हिशेब ठेवायचा, त्याला मीटर असतात, त्यात कसब असतं, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. चौथ्या दिवशी आम्हाला लिफ्टच्या उतारावर नेलं आणि संध्याकाळी नोंद होती: धावा ६. त्या सहाच्या आकड्याकडे मी किती वेळा पाहिलं असेन! कमाल वेग मात्र मी मनावर घेतला नाही. उपग्रहाच्या जागेत क्षणभर उडी आली की वेगाचा आकडा भलताच फुगतो. उताराचा आकडा हवेवरून येतो, म्हणून तो जास्त भरवशाचा. अट एकच, त्या वेळात हवा स्थिर असली पाहिजे.

पडल्यावर मदतीचा संदेश पाठवण्याची सोय मी पहिल्याच दिवशी बंद केली. शिकणारा माणूस दिवसातून वीस वेळा पडतो. २०२२-२३ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या कोलोरॅडोत स्की करणाऱ्यांच्या फोनांनी आणि घड्याळांनी साध्या पडण्याला अपघात समजून आणीबाणीच्या कक्षांकडे इतके फोन लावले, की तिथल्या माणसांची दमछाक झाली. शोध घेणाऱ्यांचा एकेक मिनिट मोलाचा असतो, तो असा वाया जाऊ नये.

तर तो पहाटेचा गजर. सकाळी सातला नाश्त्याच्या खोलीत गेले तर आमचे प्रशिक्षक नूनचहा, म्हणजे काश्मिरी खारा चहा, घेत बसले होते. टंगमर्गच्या बाजूचे, चाळिशीचे, लहानपणापासून स्कीवर. त्यांच्याही हातात उंचीचं घड्याळ होतं, काचेला तडा गेलेलं, कुणा परदेशी पाहुण्याने जाताना दिलेलं. रोज सकाळी गोंडोलाच्या, म्हणजे तारेवरून डोंगरावर नेणाऱ्या पाळण्यांच्या, स्टेशनपाशी ते उंची पुन्हा लावून घेतात, हे मी दोन-तीनदा पाहिलं होतं. मी त्यांना रात्रीचे आकडे सांगितले. त्यांनी आपलं घड्याळ पुढे केलं. त्यातही तोच उतार.

"मैडम, आज ऊपर कुछ नहीं चलेगा," ते म्हणाले. "चिल्लई खुर्द है, अभी गिरेगी।"

चिल्लई कलान हे थंडीचे कडक चाळीस दिवस डिसेंबरच्या २१ तारखेला सुरू होतात. त्यानंतरचे वीस चिल्लई खुर्द, मग दहा चिल्लई बच्चा. भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी विक्षोभ या दिवसांत एकामागून एक येतात आणि काश्मीरचा बर्फ त्यांच्याकडून मिळतो. नऊला वारा सुटला, गोंडोला बंद झाला. अकरापर्यंत समोरचं अफरवट शिखर दिसेनासं झालं. दीड दिवस बर्फ पडत राहिला.

त्या दीड दिवसात प्रशिक्षकांनी आम्हाला हिमस्खलनाबद्दल शिकवलं. मी वहीत सगळं उतरवलं आहे. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. नवा जड बर्फ, जोराचा वारा, यानंतरचे पहिले दिवस सर्वांत वाईट. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्या हापतखुड भागात असंच झालं आणि दोन पोलिश स्कीपटू गेले. ते बोलताना त्यांचा आवाज खाली आला, आम्हीही कुणी काही विचारलं नाही. मग त्यांनी टेबलावर तीन वस्तू ठेवल्या. ४५७ किलोहर्ट्झवर संदेश सोडणारा आणि ऐकणारा ट्रान्सीव्हर, घडीची लांब सळई आणि फावडं. बर्फाखाली गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सापडला तर वाचण्याची आशा मोठी, नंतर ती झपाट्याने घटते. म्हणजे बाहेरून कुणी येईपर्यंत वेळ नसतो, बरोबरच्यांनीच काढायचं. माझं घड्याळ यातलं काहीही करू शकत नाही. ते वादळ येतंय एवढं सांगेल. उतार सुटणार आहे हे त्याला कळत नाही आणि मी बर्फाखाली असले तर ते माझ्याबरोबरच गाडलं जाईल. हातात इतकी यंत्रं आली की हे विसरायला होतं, म्हणून लिहून ठेवते.

आणि एक नियम त्यांनी दोनदा सांगितला. कच्च्या उतारावर एका वेळी एकानेच उतरायचं. बाकीच्यांनी सुरक्षित जागी उभं राहून त्याच्यावरून नजर हलवायची नाही. तो दिसेनासा झाला तर शेवटचा कुठे दिसला, हे कुणाला तरी ठाऊक असलंच पाहिजे.

मला मठाच्या बागेत बसलेले ते पाद्री आठवले. संध्याकाळी खोलीत जाऊन मी खिडकीतल्या पिवळ्या घड्याळासमोर बसले. दर अर्ध्या तासाने आकडा लिहीत गेले. २,७१२. २,७१२. २,७०९. मग २,६९८. हवा परत यायला लागली होती.

शेवटच्या दिवशी आकाश निळं होतं. पहाटे उठून पिवळ्या घड्याळात २,६५० लावलं, ते खिडकीत ठेवलं आणि गोंडोलाने कोंगडोरीला गेले. गोंडोलाचा हा पहिला टप्पा १९९८ सालचा. दुसरा २००५ मध्ये झाला, तो अफरवटच्या खांद्यापर्यंत, चार हजार मीटरच्या जवळ नेतो. तिथे आमच्यासारख्यांनी स्की घेऊन जायचं नाही, हे ठरलेलं होतं. कोंगडोरीला हातातल्या घड्याळाने ३,०४७ दाखवलं. प्रशिक्षक म्हणाले, मी पुढे जातो, प्रत्येक वळणावर थांबून पाहीन, तुम्ही एकेक करून या.

मी टोकं जुळवली, गुडघे वाकवले. पहिल्या वळणावर ते लाल जाकीट उभं होतं. दुसऱ्या वळणावर पुन्हा तेच. मी दोनदा पडले, उठले. पाइनच्या मधून येताना एका जागी कानांना दडे बसल्यासारखं वाटलं, थुंकी गिळली आणि पुढे निघाले. चारशे मीटर म्हणजे छत्तीस-सदतीस मिलिबार. वर ठेवून आलेली तेवढी हवा मी अंगावर परत घेत होते आणि ते मला कानांत जाणवत होतं. खाली पोचल्यावर नोंद पाहिली: धावा १, उतार ३९६ मीटर. खोलीत गेले. खिडकीतलं पिवळं घड्याळ २,६५४ वर होतं. हवा जवळपास जागची हलली नव्हती. तीनशे शहाण्णव माझे होते.

यंदा पुन्हा मुलींना घेऊन कळसूबाईला गेलो. 'बुटकी झाली का' विचारणारी आता दहावीत आहे. तिचा घोटा आठवड्यापूर्वीच मुरगळला होता. येऊ नकोस म्हटलं तरी ती आली.

"बाई, मी बारीत थांबते. मला पिवळं घड्याळ द्या."

मी हातातलं घड्याळ उपग्रहाशी जुळवून घेणं बंद केलं, म्हणजे दोन्ही घड्याळं केवळ हवेवर चालतील. ओळखीच्या घराच्या ओट्यावर तिला बसवून आम्ही वर गेलो. साडेदहाला देवळापाशी माझा आकडा होता १,५९२. चोपन्न मीटर कमी. तो लिहून घेतला आणि दुपारी खाली आलो तर ती पाय लांब करून तिथेच बसलेली, मांडीवर वही. दर अर्ध्या तासाची नोंद होती. साडेदहाला तिचं घड्याळ जागच्या जागी तेरा मीटर खाली गेलं होतं.

"तेरा तर हवेच्या भरतीचे," ती म्हणाली. "राहिले एक्केचाळीस."

तिच्या वहीत तिसरा रकाना होता. ओट्याच्या सावलीत टांगलेल्या शाळेच्या तापमापकाचा. वरची तापमानं तिने आम्हाला विचारून भरून घेतली. घड्याळ धरून चालतं की समुद्रसपाटीला १५ अंश असतात आणि दर हजार मीटरला साडेसहा अंश कमी होतात. म्हणजे आमच्या चढणीच्या मध्यावर, बाराशे मीटरवर, त्याच्या हिशेबाने सात अंश हवेत. तिथे होते वीस. गरम हवा फुगलेली असते, विरळ असते. तेवढाच दाब कमी व्हायला जास्त चढावं लागतं आणि घड्याळ ते जास्तीचं चढणं मोजत नाही. दहा अंशांना साधारण चार टक्के. तिने ओट्यावर खडूने साडेआठशेचे पाच टक्के काढले. साडेबेचाळीस.

खाली वहीत तिने तारीख घातली, बारी लिहिलं आणि सही करायच्या जागी लिहिलं: पाद्रीबाबा.